दिलवर, तुझ्या गावची नऊ खळी

दिलवर, आज सकाळपासून हत्यारांचा खण तीनदा रिकामा केला आणि तीनदा भरला. शोधत काहीच नव्हतो. एक गिऱ्हाईक नंबरप्लेटचं विचारून गेलं, त्याला मी काय सांगितलं तेही आठवत नाही. बायको डबा घेऊन दुकानात आली, थोडा वेळ माझ्याकडे बघत उभी राहिली.

"काय धुंडी ऱ्हायनात तुम्ही?"

"काही नाही."

"मंग जेवी ल्या."

डबा अजून तसाच आहे. तुला जाऊन अठरा दिवस झाले. मला तुझ्याशी बोलायचंय, आणि आपण जसे बोलायचो तसंच, कामाच्या आडून. दुसऱ्या कुठल्या वाटेनं आपण दोघं कधी बोललोच नाही.

तू पहिल्यांदा दुकानात आलास तेव्हा साखर कारखान्यातून नुकताच सुटला होतास. तीस वर्षं लेथवर टर्नर म्हणून उभा राहिलेला माणूस, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी माप घ्यायची व्हर्निअर. "पांढऱ्या शीटचे तुकडे मिळतील का? गोल कापायचेत," म्हणालास. नेमप्लेटच्या कामातून माझ्याकडे प्लास्टिकचे तुकडे ढिगानं पडलेले असतात. मी एक तुकडा उचलला, ड्रिलला होल सॉ, म्हणजे वाटीसारखी गोल करवत, लावला आणि अर्ध्या मिनिटात चकती काढून तुझ्या हातावर ठेवली. मला वाटलं, खूश होशील. तू ती व्हर्निअरमध्ये धरलीस. होल सॉवर चाळीसचा आकडा होता आणि चकती छत्तिसाची भरली. वर मधोमध पेन्सिल जाईल एवढं छिद्र.

"रवीभाऊ, हाई हत्यार भोक पाडासाठे शे," तू म्हणालास. "आपले भोक नको. चकती पाहिजे."

वीस वर्षं मी ते हत्यार वापरत होतो. त्यातून निघणारी चकती म्हणजे त्याचा कचरा, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. मला थोडा रागही आला, खरं सांगतो. कळसाडीहून रोज मोटरसायकलवर शहाद्याला येऊन हे दुकान मी उभं केलं, आणि पहिल्याच भेटीत माझ्या हत्याराला नावं ठेवणारा हा कोण?

पण तू दुसऱ्या दिवशी पुन्हा आलास, तिसऱ्या दिवशीही. चकत्या कशासाठी हव्यात ते सांगायला तू महिना घेतलास. मी विचारलं नव्हतं. चहा पिता पिता, माझ्याकडे न बघता, तू आपणच बोललास. नर्मदेच्या काठावरचं तुमचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं त्याला कितीतरी वर्षं झाली. तुम्हाला तळोद्याकडच्या वसाहतीत सरळ रेघेतली घरं मिळाली. तुझी आई तिथं राहिली, पण मनानं कधी रमली नाही. आता तिची दृष्टी गेली. वसाहतीतलं होतं नव्हतं तेही दिसेनासं झालं आणि जुनं गाव तिच्या डोक्यात गोंधळायला लागलं. कुणाचं घर कुणाच्या वर होतं, नाल्याला कुठून उतरायचं, यावरून ती स्वतःशीच भांडायची. मधेच रडायची.

"मी ते गाव फळीवर बनवतोय," तू म्हणालास. "हातानं बघायला."

चार फूट बाय तीन फूट प्लायवर तू डोंगर चढवले होतेस, बांबूच्या काड्यांची घरं बांधली होतीस. नदीसाठी गुळगुळीत अॅक्रिलिक माझ्याकडूनच नेलं होतंस, तेव्हा मला माहीत नव्हतं. राहिल्या होत्या गोल वस्तू. कणग्यांची झाकणं, घराघरातली जाती आणि गावाची नऊ खळी, जिथं मळणी व्हायची.

त्यानंतरचे ते दिवस. दिलवर, मी नंबरप्लेटा बाजूला टाकून तुझ्याबरोबर चकत्या कापत बसलो, हे बायकोला अजून पटत नाही. आपण दिसेल ते हत्यार लावून बघितलं. ड्रिल जोरात फिरवलं की प्लास्टिक वितळून पात्याला चिकटायचं आणि दुकानभर वास सुटायचा. हळू फिरवलं की शीट थरथरायची, कड खरखरीत व्हायची. मग मी एका दांडीचा फिरता कटर आणला, ड्रिलला लावून मोठी वर्तुळं कापायचा. "शीट शिकंज्यात धर," तू सांगत होतास आणि मी हातानंच धरली. पातं अडकलं, शीट गरकन फिरली आणि माझ्या डाव्या अंगठ्याचं नख घेऊन गेली. तू गळ्यातला रुमाल काढून अंगठा गच्च आवळलास, माझ्याच मोटरसायकलवर मला मागे बसवून दवाखान्यात नेलंस. परत आल्यावर तो कटर ड्रिलमधून काढून आपल्या पिशवीत टाकलास आणि घरी घेऊन गेलास. आजवर मला तो दिला नाहीस.

झाकणांचं कोडं सोपं निघालं. चांभाराकडचा गोल पंच आणला, खाली लाकूड ठेवलं आणि एकच ठोका. चकतीच्या कडा किंचित खाली वळायच्या. मला वाटलं वाया गेली. तू ती बोटावर धरून कितीतरी वेळ बघत होतास. "असंच असतं झाकण," म्हणालास. जात्यांना तर माझा होल सॉच चालला, कारण जात्याला मधे भोक असतंच. त्या दिवशी तू माझ्याकडे बघून हसलास तसा नंतर फारसा हसला नाहीस.

कारण मग खळी आली.

खळ्यांसाठी तू कंपास कटर निवडलास. एका टोकाला सुई, दुसऱ्या टोकाला पातं. सुईचं टोचलेलं मधे राहू नये म्हणून तू चिकटपट्टीचे चार थर लावून त्यावर सुई टेकवायचास. "दाबू नको," मला सांगायचास. "पहिल्या फेरीत पात्याला फक्त रस्ता दाखव. दहाव्या फेरीत ते आपणच जाईल." अर्धं वरून कापायचं, शीट उलटी करून अर्धं खालून. माझ्या हाताला जी काही नजाकत आहे ती तिथून आली. तुझ्याआधी मी नुसता जोर लावत होतो.

नऊच्या नऊ चकत्या तू फळीवर मांडल्यास आणि आईचा हात धरून त्यावर फिरवलास. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन सांगितलंस. तिनं सगळी घरं ओळखली. नाला ओळखला. चकत्यांवर हात आल्यावर म्हणाली, "ही ताटं कशाला मांडलीस?"

सांगताना तू हसलास. पण चहा घेतला नाहीस.

कड फार उंच झाली, असं तू ठरवलंस. पातळ शीट घेऊन नऊ चकत्या पुन्हा कापल्यास, कडा पॉलिश पेपरनं घासल्यास. तिनं हात लावला आणि म्हणाली, ताटं. तिसऱ्यांदा तू जुन्या कंपास कटरवर खापर फोडलंस. त्याची सुई हलते म्हणालास. मी सुरतेहून नवीन मागवला. चौथ्यांदा कापलंस. दिवसेंदिवस तुझ्या चकत्या जास्त जास्त गोल होत होत्या. तुझी झोप उडाली होती, ते डोळ्यांवरून कळत होतं. मी म्हटलं, लेझरवर कापून आणू. तू म्हणालास, "मशीनला काय माहीत आमचं खळं?" मी मनात म्हटलं, तुझ्या व्हर्निअरला तरी कुठं माहीत आहे. तोंडानं बोललो नाही. तेव्हा बोलायला हवं होतं. ते नेमकं तेव्हा गिळलं आणि जे गिळायला हवं होतं ते नंतर बोललो.

त्या दुपारी दुकानात गर्दी होती. तू नऊ चकत्या काउंटरवर ओळीनं मांडल्यास आणि म्हणालास, तिसरीत केसभर फरक आहे, पुन्हा कापू. दोन गिऱ्हाइकं उभी होती, एक जण गाडी चालू ठेवून हॉर्न देत होता. मी वर न बघता बोललो.

"दिलवर, तिले दिखत नही. कसंबी काप. कोन दखस?"

तिला दिसत नाही, कसंही काप, कोण बघतंय. हे मी बोललो. माझ्याच तोंडून निघालं, माझ्याच बोलीत.

तू व्हर्निअर तिच्या डबीत ठेवलीस. डबी बंद होताना टक आवाज झाला. "येतो, रवीभाऊ," म्हणालास आणि गेलास. चकत्या काउंटरवरच राहिल्या.

आठ दिवस तू आला नाहीस. मी फोन केला नाही. उद्या येईल म्हणायचो. रोज एकदा दाराबाहेर जाऊन बसस्टँडच्या बाजूला बघून यायचो, मग आत येऊन काहीतरी काम काढायचो. नवव्या दिवशी तुझ्या जमनाचा फोन आला. "काका, बाबा गेले." खापर गावच्या बाजारात तुझ्या मामांना भेटायला गेला होतास. चहाच्या टपरीवर बसलास आणि बसल्याजागी कलंडलास.

तुला पोचवायला आलो तेव्हा तुझी आई भिंतीला टेकून बसली होती. मी समोर उभा राहिलो, तिला कळलंही नसेल. येताना चकत्या आणायच्याही विसरलो होतो. की विसरलो नव्हतो, माहीत नाही.

चार दिवसांनी चकत्या कागदात गुंडाळून पुन्हा गेलो. जमना घरी होती. ती आता आशा सेविका आहे, तिच्या बोलण्यात तुझ्यासारखाच थांबा आहे. तुझ्या आईला मराठी फार येत नाही आणि मला पावरी येत नाही, म्हणून जमना मधे बसली. मी तुझ्या आईला सगळं सांगितलं. काय बोललो ते शब्द न बदलता सांगितले. जमना एकेक वाक्य पावरीत सांगत होती, पण ते वाक्य आलं तशी ती थांबली.

"सांग," मी म्हटलं.

तिनं सांगितलं. तुझ्या आईनं मान हलवली नाही. मग तिनं जमनाला काहीतरी म्हटलं, आणि जमना आत जाऊन बुटांचा एक रिकामा खोका घेऊन आली.

खोक्यात पुठ्ठ्याचे सात तुकडे होते. प्रत्येकावर पेन्सिलीनं एक वेडावाकडा गोल. एक बटाट्यासारखा, एक एका अंगाला फुगलेला, एक जवळजवळ तीनकोनी. तुझ्या हातच्या रेघा असतील असं मला वाटलंच नाही.

"त्या दिवशी शहाद्याहून आले ते जेवले नाहीत," जमना म्हणाली. "कुणाशी बोलले नाहीत. सकाळी उठले आणि आजीसमोर पुठ्ठा घेऊन बसले. आजी बोट फिरवायची, बाबा बोटामागून पेन्सिल न्यायचे. इथं मोहाचं मूळ होतं, इथं उतार होता, इथून बैल बाहेर पडायचे. एकेका खळ्याला एकेक दिवस घेतला."

"सातच आहेत."

"दोन आजीला आठवेनात. ते मामाआजोबांना विचारायला म्हणून बाबा खापरला गेले होते."

दिलवर, ते ऐकून मी हातातला पुठ्ठा खाली ठेवला. मी ते बोललो नसतो तर तू पुठ्ठा काढला नसतास. पुठ्ठा काढला नसतास तर खापरला गेला नसतास. मी हे मोठ्यानं म्हणालो असणार, कारण जमना लगेच म्हणाली, "बाबा दर महिन्याला जायचे खापरला, काका." खरं असेल. माझ्या समाधानासाठीही म्हणाली असेल. ती तुझी मुलगी आहे, तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही.

मग तिनं खोक्याच्या तळातून चहाच्या पुड्याचा कागद काढला, घडी उलगडली. तुझ्या खिशात सापडला म्हणाली. त्यावर दोन आकृत्या होत्या. म्हणजे मामांनी सांगितलं होतं तुला. चहा येण्याआधी तुझी नऊच्या नऊ पुरी झाली होती.

तू माझ्यावर रागावला होतास का? जमनाला विचारलं. "काही बोलले नाहीत," एवढंच म्हणाली. तू जेवला नाहीस, हेही खरं आणि सकाळी पुठ्ठा काढलास, हेही खरं. यातलं एक धरलं की दुसरं निसटतं. रात्री कूस बदलताना मला तेच होतं. "कसंही काप" हे शब्द शेवटी बरोबर ठरले, फक्त मी ते ज्या मनानं बोललो ते वाईट होतं. तू असतास तर आपण यावर महिनाभर भांडलो असतो. कोणाचं बरोबर होतं यावरून मी तुला सोडलं नसतं आणि तूही मला. आता माझ्या बाजूनं बोलणारा मीच आणि तुझ्या बाजूनंही मीच.

खोका घेऊन दुकानात आलो. खण उघडला. कंपास कटर हातात घेतला आणि ठेवून दिला, कारण सुई टेकवायला मध्यच नव्हता. होल सॉ नको, पंच नको. सुरतेहून आणलेला नवा कटर तर नकोच. शेवटी साधं पातं घेतलं, शीटवर आकृती उतरवून रेघेरेघेनं नेलं. पहिल्या फेरीत फक्त रस्ता दाखवला. वळणावर पातं घसरायचं, मग तिथं कात्रीनं थोडं थोडं. शेवटी अर्धगोल कानस. एका खळ्याला एक अख्खी दुपार जायची. तीस वर्षं तू गिरमिटासारखं गोल फिरणाऱ्या धातूला मध्य धरून कापत आलास. तो मध्य सोडून आईच्या बोटामागे जाताना तुला कसं वाटलं असेल? जड गेलं असेल का? की मोकळं वाटलं? हे मला विचारायचं होतं. हत्यारांबद्दल तुला शेकडो प्रश्न विचारले, हा एक राहिला.

काल नऊ खळी घेऊन वसाहतीत गेलो. बरोबर सोल्यूशनची बाटली घेतली होती, एकदा आईनं हो म्हटलं की तिथल्या तिथं चिकटवून टाकायला. फळी तू ठेवली होतीस तिथंच, खिडकीखाली होती. मी आणि जमनानं ती उचलून खाटेवर ठेवली, खळी नुसती मांडली आणि आईला आणून बसवलं.

तिनं नदीवरून हात वर आणला. नाला, मग पहिलं घर. पहिल्या खळ्यावर बोटं आली, कडेनं फिरली. तिनं एक नाव घेतलं. जमना म्हणाली, "गुमानचं खळं." दुसऱ्यावर दुसरं नाव. तिसरं तिनं उचललं, थोडं फिरवून पुन्हा ठेवलं, त्याचा उतार पाण्याकडे होता म्हणे. ताट कुणी म्हटलं नाही. जमना एकेक नाव मला सांगत राहिली.

सहाव्या खळ्यावर आईचा हात थांबला. बोट कडेनं गेलं, मागे आलं, पुन्हा गेलं. नखानं ती काहीतरी शोधत होती. मग तिनं विचारलं.

"इथला दगड कुठंय?" जमनानं मला विचारलं.

मला एकदम आठवलं. त्या पुठ्ठ्यावर रेघ एका जागी आत गेली होती, जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढी. पेन्सिल घसरली असेल असं समजून मी ती सरळ केली होती. कानशीनं गुळगुळीत केली होती, वरून पॉलिश पेपर मारला होता. तुझं काम नीट करतोय या समाधानात.

"माझ्याकडून चुकलं," मी म्हणालो. पिशवीत बारीक गोल कानस होती. खळं हातात घेतलं, आईला बोट ठेवायला सांगितलं आणि तिच्या नखाजवळ हळूहळू घासायला लागलो. तिच्या हातात दिलं, तिनं मान हलवली, नाही. पुन्हा घासलं. नाही. तिसऱ्यांदा तिचं बोट त्या खाचेत बसलं आणि ती म्हणाली, "हां."

मग ती बोलायला लागली. हळू, सलग, आमच्यापैकी कुणाला सांगत नसल्यासारखी. जमना शेवटपर्यंत ऐकत राहिली. मी तिच्याकडे बघितलं.

"आजी म्हणते, मळणी चालू होती," जमना म्हणाली. "बैल फिरत होते. तिला कळा आल्या, घरी जायला वेळच मिळाला नाही. या दगडाला टेकून बसली. बाबा इथं झाले."

तू हे मला कधी बोलला नाहीस, दिलवर. चार वेळा तू ते खळं कापलंस, मी शेजारी बसून होतो.

मी ते फळीवर त्याच्या जागी ठेवलं. आईनं बोट पुन्हा खाचेत ठेवलं आणि काढलं नाही. चिकटवायला उघडलेली बाटली माझ्या हातात होती, वास खोलीत पसरायला लागला होता. मी बूच लावलं आणि तिनं हात काढेपर्यंत तिथंच बसून राहिलो.